चिखल्यांपासून चाईपर्यंत : खाडीपट्ट्यातून त्वचेच्या आणि केसांच्या आयुर्वेदाकडे पाहताना

आषाढात महाडच्या खाडीपट्ट्यात भाताची लावणी जोरात असते. तुडीलसारख्या गावात तेव्हा स्वतःच्या पायांकडे बघायला कुणाला सवड नसते. सकाळी चिखलात उतरलेला पाय दिवस मावळताना बाहेर येतो, तोही ओल्या चपलेत जाण्यासाठी. आठवडाभरात बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, फुगते, मग फाटते. दिवसा आग होते आणि रात्री खाज झोपू देत नाही. याला आपण चिखल्या म्हणतो. रोगाच्या नावातच त्याचे कारण सांगणारा इतका नेमका शब्द फार थोड्या भाषांत असेल.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचा अध्याय आहे. त्यात ‘अलस’ नावाच्या विकाराचे वर्णन येते: दूषित चिखलाचा स्पर्श झाल्याने पायांच्या बोटांमधली जागा ओलसर होते, तिथे खाज, आग आणि वेदना होतात. चिखल्याच या. ज्या वैद्याने हे लिहिले त्याने लावणीच्या दिवसांत शेतकऱ्याचे पाय हातात घेऊन पाहिले असणार, असे मला प्रत्येक वेळी वाटते. उपायही त्याच ग्रंथात आहे. आधी आंबट कांजीने पाय धुवायचे, मग कडुनिंब, तीळ, हिराकस, हरताळ आणि सैंधव वाटून लेप लावायचा.

या एका उपायात आयुर्वेदाच्या त्वचाविचाराचे बळ आणि त्याची अडचण दोन्ही दिसतात. कांजी आम्लधर्मी. भिजून मऊ झालेल्या कातडीवर बुरशी आणि जंतू वाढतात तेव्हा सौम्य आम्लाने धुणे उपयोगी पडते, आणि आजचे त्वचारोगतज्ज्ञही काही वेळा पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये पाय बुडवायला सांगतात. हरताळ मात्र आर्सेनिकचे संयुग. फाटलेल्या कातडीवर ते आज कुणी लावू नये. एकाच सूत्राचा अर्धा भाग जपण्याजोगा आणि अर्धा बाजूला ठेवण्याजोगा. त्वचेच्या आणि केसांच्या आयुर्वेदिक उपचारांचा आढावा घ्यायचा तर असे सूत्रागणिक, रोगागणिक निवडत जावे लागते. ‘आयुर्वेद चांगला’ किंवा ‘आयुर्वेद खोटा’ अशा घाऊक निकालांनी रोग्याच्या पदरात काही पडत नाही.

कोकणातल्या बायांनी चिखल्यांवर आपला उपाय शोधला तो मेंदीचा. लावणीच्या आधी किंवा लावणी चालू असताना रात्री पायांच्या बेचक्यांत आणि हाताच्या बोटांना मेंदीचा पाला वाटून लावायचा. मेंदीतले रंगद्रव्य कातडीच्या वरच्या थराला घट्ट धरते, तो थर थोडा कोरडा आणि चिवट होतो. हा उपाय स्वस्त आहे, ताज्या पाल्याचा असेल तर बहुधा निर्धोकही आहे. बाजारातली ‘काळी मेंदी’ ही वेगळी वस्तू. तिच्यात केसांच्या कलपातले रसायन मिसळलेले असते आणि त्याने फोड येतात. भेगांसाठी मुठेल आहेच. कोकमाच्या बियांतल्या मगजाचे हे घट्ट तेल गरम करून टाचांना लावले की भेग भरते, कारण ते पाणी धरून ठेवते. राळ आणि तेल यांचे मलमही याच कामाचे. पण चिखल्यांवर मुठेल लावून ओल आतच कोंडली तर त्या वाढतात. भेग कोरडेपणाने पडते आणि चिखली ओलीने, एवढा फरक समजला की अर्धा उपचार झाला.

हा फरक ओळखण्यालाच आयुर्वेदात निदान म्हणतात, आणि कारण टाळण्याला निदानपरिवर्जन. सगळ्या चिकित्सेचे सार थोडक्यात सांगायचे तर निदानपरिवर्जन, असे सुश्रुत सांगतो. माझ्या मते आयुर्वेदाने त्वचेला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आणि आज ‘आयुर्वेदिक’ म्हणून जे विकले जाते त्यात नेमकी तीच उरलेली नाही. डबी आली, ट्यूब आली, तेलाची बाटली आली. ‘तुझे काम काय, पाणी कुठले, ओले कपडे किती तास अंगावर असतात’ हे प्रश्न मात्र गेले.

जुने वैद्य किती बारकाईने पाहत हे कुष्ठाच्या वर्गीकरणात दिसते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा सातवा अध्याय कुष्ठाचा आहे. तिथे कुष्ठाचे 18 प्रकार: 7 महाकुष्ठे आणि 11 क्षुद्रकुष्ठे. येथे कुष्ठ म्हणजे त्वचेचे जवळजवळ सगळेच विकार. दद्रू म्हणजे गजकर्ण किंवा नायटा, पामा म्हणजे खरजेच्या जातीचा विकार, विचर्चिका म्हणजे इसबाच्या जवळपासचा, विपादिका म्हणजे तळव्याच्या भेगा. चरक दद्रूला क्षुद्रकुष्ठात घालतो आणि सिध्माला महाकुष्ठात. सुश्रुत नेमके उलटे करतो. दोघांचे जमत नाही याचा मला आनंद वाटतो. ते पाठ केलेले म्हणत नव्हते, पाहिलेले लिहीत होते. सिध्माचे चरकाचे वर्णन तर थक्क करते: पातळ पांढरट-तांबूस डाग, दुधी भोपळ्याच्या फुलासारखा रंग, बहुतेक छातीवर, आणि चोळले की त्यातून भुकटी सुटते. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात पोरांच्या छातीवर आणि मानेवर येणारे शिबे ते हेच. आजही डॉक्टर त्या डागावर नख ओढून कोंडा सुटतो का ते बघतात.

आता गजकर्णाकडे येऊ, कारण खाडीपट्ट्यातच काय, साऱ्या महाराष्ट्रात आज हा सर्वांत त्रासदायक त्वचारोग झाला आहे. जांघेत, कमरेला, काखेत कडा लाल असलेली वर्तुळे, आणि जीव नकोसा करणारी खाज. आयुर्वेदातले यावरचे औषध कोकणाच्या दारात उगवते. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला टाकळा उगवतो. त्याची कोवळी भाजी आपण हौसेने खातो. संस्कृतात त्याचे नाव चक्रमर्द, आणि दुसरे नाव दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण मारणारा. औषधाला लागते ते त्याचे बी, आंबट ताकात किंवा कांजीत वाटून. ही नावे नुसत्या श्रद्धेची नाहीत. टाकळ्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल जातीची द्रव्ये आहेत, आणि गजकर्णाच्या बुरशीची वाढ ती रोखतात हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे.

या द्रव्यांचा एक प्रवास मराठी वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ब्राझीलमधल्या एका झाडाची पिवळी भुकटी गोव्यात येई आणि गजकर्णावर वापरली जाई. ‘गोवा पावडर’ या नावाने ती मुंबईपर्यंत आणि पुढे इंग्लंडपर्यंत पोहोचली. 1870 च्या दशकात लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर या डॉक्टरने ती सोरायसिसवर वापरून पाहिली आणि गुण आला. तिच्यातले क्रियाशील द्रव्य क्रायसारोबिन. पहिल्या महायुद्धात पुरवठा आटला तेव्हा 1916 मध्ये जर्मनीत त्याच धर्तीचे कृत्रिम औषध तयार झाले, ते डिथ्रॅनॉल. सोरायसिसच्या उपचारात ते पुढे कित्येक दशके वापरले गेले. टाकळ्याचे द्रव्य याच कुळातले. रानातला लेप आणि रुग्णालयातले मलम यांच्यातली भिंत वाटते तितकी जाड नसते. एकावर काम झाले, मात्रा ठरली, दुष्परिणाम लिहिले गेले. दुसरे पिशवीत राहिले.

पण म्हणून आजच्या गजकर्णावर टाकळा वाटून लावा असे मी म्हणणार नाही. साधारण 2014 नंतर भारतभर या रोगाचे रूप पालटले आहे. जुनी मलमे पुरी पडत नाहीत, घरातल्या सगळ्यांना लागण होते, बरे झालेले पुन्हा उफाळते. या बुरशीच्या एका नव्या प्रकाराला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नावच मिळाले, आणि टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तो बऱ्याचदा दाद देत नाही. या साथीला खतपाणी घालण्यात स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा मोठा हात मानला जातो. मलम लावले की दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि आत बुरशी निवांत पसरते. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशा 14 स्टेरॉइड औषधांची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरी टपरीवजा दुकानांतून ती अजून मिळतात. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या काही मलमांतही स्टेरॉइड सापडलेले आहे. म्हणून एक साधी खूण सांगतो: कुठलेही मलम, त्यावर कुठलेही झाड छापलेले असो, दोन दिवसांत जादू करत असेल आणि थांबवले की दुप्पट उसळत असेल, तर त्याच्यावर संशय घ्या.

या रोगात निदानपरिवर्जन म्हणजे काय? ओली जीन्स अंगावर वाळू न देणे. घरात एकच टॉवेल सगळ्यांनी न वापरणे. कपडे उन्हात, ऊन नसेल तर चुलीच्या उबेवर पूर्ण वाळवून घालणे. महाड-पोलादपूर भागात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, तिथे हे सांगायला सोपे आणि करायला अवघड आहे हे मला ठाऊक आहे. 22 जुलै 2021 च्या पुरात महाडमध्ये घराघरांत गाळ भरला. अंथरूण, कपडे, सगळे भिजले. अशा दिवसांत कोरडा कपडा हेच औषध असते, आणि पुराच्या मदतीत मलमाच्या खोक्यांइतकेच कोरडे सुती कपडे महत्त्वाचे मानायला हवेत.

खरजेची गोष्ट थोडी सुखाची आहे. महाडजवळ सावित्रीच्या काठी सव येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे अशी उष्णोदके कोकणात आणखीही आहेत. त्वचारोग झालेली माणसे तिथे पिढ्यानपिढ्या अंघोळीला येतात. अशा झऱ्यांच्या पाण्यात गंधक असते आणि त्याने कातडी सुधारते ही त्यामागची समजूत. कुंडातल्या अंघोळीने खरूज जाते असे म्हणता येणार नाही. पण गंधक हे खरजेवरचे खरे औषध आहे. गंधकाची मलमे आजही तान्ह्या बाळांना आणि गर्भवतींना दिली जातात, कारण ती सौम्य आहेत. आयुर्वेदात गंधक आणि करंजेल यांचा वापर याच रोगांसाठी सांगितलेला आहे, आणि करंज तर खाडीच्या कडेने आपोआप वाढतो. कडुनिंबाचे गुणगान आपण देशावरून उचलले. कोकणातल्या धो-धो पावसात कडुनिंब फारसा रमत नाही. इथल्या आज्या-पणज्यांच्या हाताशी होते ते करंज, उंडी आणि टाकळा. औषध कुठलेही घ्या, खरजेत घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावे, अंथरुणे-पांघरुणे त्याच दिवशी गरम पाण्यात धुवावीत. एकट्या पोराला लावून काही होत नाही.

मराठीत कुष्ठ या शब्दाचा अर्थ आक्रसला. आज कुष्ठरोग म्हणजे महारोग. यातून घोटाळे होतात. जुन्या ग्रंथात ‘कुष्ठनाशक’ लिहिले आहे म्हणून एखादा काढा महारोग बरा करील, असे मानून मौल्यवान वर्षे घालवणारे आहेत. याही बाबतीत आपल्याच डोंगरांचा एक अभिमानाचा धागा आहे. सुश्रुताने कुष्ठावर तुवरक सांगितला. त्या कुळातले कडू कवठ सह्याद्रीत वाढते. या जातीच्या बियांचे तेल, चौलमोग्रा, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जगभर महारोगावरचे मुख्य औषध होते. मग 1940 च्या दशकात सल्फोन औषधे आली आणि तेलाचा काळ संपला. जागतिक आरोग्य संघटनेने 1980 च्या दशकात सांगितलेला बहुऔषधी उपचार आपल्या सरकारी केंद्रांत फुकट मिळतो. फिकट डाग असेल आणि त्यावर गरम-गार कळत नसेल, तर ते शिबे नव्हे. लेप, तेल, पथ्य सगळे सोडून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. पनवेलजवळ नेरे येथे शांतिवन उभे राहिले ते या रोगाने घराबाहेर काढलेल्या माणसांसाठी. आज उपचार वेळेवर घेतला तर घर सोडायचे कारणच उरत नाही.

कोडाबद्दल मात्र जरा थांबून बोलले पाहिजे. श्वित्राचे, म्हणजे कोडाचे, वर्णन चरकाने कुष्ठाध्यायाच्या शेवटी वेगळे केले. रोग्याला उंबराच्या जातीच्या झाडाचा रस देऊन सोसेल तितका वेळ उन्हात बसवायचे, हा त्यातला उपाय. बावचीचे बी हे पुढे या रोगाचे मुख्य औषध ठरले. त्यात सोरालेन आहे. सोरालेन घेऊन त्वचेवर ऊन पडले की रंगपेशी चाळवतात. हेच तत्त्व घेऊन 1974 मध्ये सोरालेन आणि अतिनील किरणे यांचा मोजून दिलेला उपचार सोरायसिससाठी पुढे आला आणि कोडासाठीही रूढ झाला. औषध आणि ऊन यांची सांगड ज्याने घातली त्या अनाम वैद्याला नमस्कार. पण मोजून देणे आणि घरी तेल चोपडून अंगणात बसणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. बावचीच्या तेलाने कातडी भाजल्याची उदाहरणे त्वचारोगाच्या दवाखान्यांत नेहमी दिसतात, आणि पोटात घेतलेल्या बावचीने यकृताला इजा झाल्याचेही नोंदलेले आहे.

याहून मला जास्त बोचते ते पथ्य. दूध आणि मासे एकत्र खाणे हा विरुद्धाहार, त्याने कुष्ठ आणि कोड होते, असे ग्रंथात आहे. त्यावरून कोड उठलेल्या मुलीचे मासे, दही, आंबट सगळे बंद केले जाते. दूध-माशाने कोड होते याला आजच्या संशोधनात आधार सापडलेला नाही. कोड हा शरीराच्या संरक्षणव्यवस्थेने स्वतःच्याच रंगपेशींवर केलेला हल्ला आहे. खाडीकाठच्या घरात रोजचे कालवण माशाचे. ते काढून घेतले की त्या मुलीच्या ताटात भात आणि पातळ आमटी उरते. डाग राहतात ते राहतात, वर रक्त कमी होते, आणि लग्न जमत नाही म्हणून आधीच खचलेल्या जीवाला आपल्या खाण्यानेच हे झाले असा दोष लागतो. वैद्यांनी हे पथ्य सांगणे थांबवावे असे मला स्पष्ट वाटते. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत कोडाचा समावेश आहे, म्हणजे कोड बरे करण्याची जाहिरातच करता येत नाही. तरी एसटी स्टँडच्या भिंतींवर ती रंगवलेली दिसते.

सोरायसिसमध्ये वमन-विरेचनादी शोधनाने काही रोग्यांना दीर्घ आराम पडतो असा वैद्यांचा अनुभव आहे. वाग्भटाने तर कुष्ठात पंधरवड्याने वमन, महिन्याने विरेचन आणि सहा महिन्यांनी रक्तमोक्षण असे वेळापत्रकच दिले. पण यावरचे अभ्यास लहान आहेत, आणि हा रोग आपणहून वर-खाली होत असतो. काळ्या कुड्याच्या पानांचे, उन्हात सिद्ध केलेले खोबरेल तमिळनाडूच्या सिद्ध परंपरेतून आले आणि सोरायसिसमध्ये बरेच वापरले जाते. खवले मऊ करायला ते चांगले. तारुण्यपिटिका आणि वांग यांवर फार लिहीत नाही. लोध्र, धणे, वेखंड यांचा जुना लेप निरुपद्रवी आहे, लिंबू चोळून उन्हात जाणे मात्र घातक. गोरेपणाच्या बिननावाच्या मलमांत पारा असतो, आणि 2023 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा मलमांनी मूत्रपिंडे बिघडल्याचे डॉक्टरांनी दाखवून दिले.

केसांबाबत आपल्याकडे पहिला प्रश्न तेलाचा. माका भाताच्या बांधावर उगवतो, जास्वंद दारात असते, नारळ परसात. माक्याचे तेल घरी कढवण्याची पद्धत कोकणात जुनी आहे. तेलाने केसाची दांडी मऊ राहते, तुटणे कमी होते, आणि खोबरेल तर केसाच्या आत शिरून त्यातले प्रथिन टिकवते. इतके खरे. तेलाने मुळातून नवे केस उगवतात यासाठी मात्र भक्कम पुरावा नाही. आणि कोंडा असेल तर तेल उलटच काम करते. कोंड्यात जी बुरशी वाढते ती तेलातल्या मेदाम्लांवरच जगते. सुश्रुताने दारुणकात, म्हणजे कोंड्यात, डोके खाजरे, रूक्ष होते असे लिहिले, म्हणून रूक्षतेवर तेल असा सरळ हिशेब झाला. पण कोंड्याचे पापुद्रे दिसतात कोरडे, मूळ असते तेलकट. दमट हवेत रोज डोक्याला तेल थापून पदर किंवा टोपी घालणाऱ्यांच्या डोक्यात कोंडा का हटत नाही याचे उत्तर इथे आहे. तेल लावायचेच तर धुण्याआधी तासभर लावावे आणि शिकेकाईने काढून टाकावे.

केस गळणे ही बहुतेक वेळा डोक्याची तक्रार नसतेच. आयुर्वेद केसांना अस्थिधातूचा मल म्हणतो, म्हणजे केसांचा संबंध पोषणाच्या खोल पायरीशी जोडतो. ही कल्पना अक्षरशः घेऊ नये, पण तिचा रोख अचूक आहे. टायफॉइड, डेंग्यू, कोविड किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस जातात आणि सहसा आपोआप येतात. त्या काळात जे तेल लावले असेल त्याला श्रेय मिळते. बायकांच्या गळतीमागे रक्तक्षय फार वेळा असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन 8 असलेल्या बाईला महाग तेलाची बाटली विकणे हा अन्याय आहे. तिला लोहाच्या गोळ्या, सुकट, पालेभाजी आणि जरा विश्रांती हवी.

कारण शोधण्याचे महत्त्व दाखवणारी अलीकडची घटना बुलढाणा जिल्ह्यातली. 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत ओढताच हातात येऊ लागले. पाणी तपासले, बुरशी तपासली, शांपूवर संशय गेला. या प्रश्नामागे लागलेल्यांत महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर होते. त्यांनी रोग्यांच्या रक्तात आणि लघवीत सेलेनियम वाढलेले असल्याचे मांडले आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. त्यावर वाद झाला, पण विचाराची दिशा पाहा. टाळूवर काय लावायचे याआधी ताटात काय आले हा प्रश्न विचारला गेला.

चाईचे उदाहरणही याच धर्तीचे. डोक्यावर रुपयाएवढा केस गेलेला गोल चट्टा पडतो, त्याला ग्रंथात इंद्रलुप्त म्हणतात. त्यावर गुंज वाटून लावण्याचा उपाय सांगितला आहे. गुंजेचे बी जहरी आहे, पोटात गेले तर जीव घेते. लेपाने कातडी चाळवते आणि त्या चाळवण्याने केस परत येण्यास मदत होत असेलही. आधुनिक उपचारांतही मुद्दाम कातडी चाळवणारी द्रव्ये वापरली गेली आहेत. पण छोटी चाई अनेकदा औषधाविना भरते. मग कुणाच्या घरात पोरांच्या हाती लागेल असे विष ठेवण्यात शहाणपणा नाही.

बिब्ब्याचेही तसेच. बिब्बा उतला की काय होते हे गावात सगळ्यांना माहीत असते: फोड, सूज, आग. वैद्य तो विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध करतात, मात्रा मोजतात. ही शोधनाची प्रक्रिया हा आयुर्वेदाच्या औषधनिर्मितीचा कणा आहे. रायगड जिल्ह्यातच पनवेलला 1872 मध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर कारखाना सुरू केला, तेव्हापासून या जिल्ह्याने शास्त्रोक्त औषधे बनताना पाहिली आहेत. शंकर दाजीशास्त्री पदे यांचे ‘आर्यभिषक्’ मराठी घराघरांत होते, आणि त्यातून घरगुती औषधे करताना वनस्पती ओळखण्याची सवय लागे. आता कारखाने मोठे झाले, ओळख लहान झाली. त्वचारोगात सर्रास दिल्या जाणाऱ्या आरोग्यवर्धिनीत पारा-गंधकाची कज्जली आणि ताम्रभस्म असते हे किती रोग्यांना सांगितले जाते? 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या 193 आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, आणि त्यातल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. हे वैद्यकीच्या शत्रुत्वातून निघालेले म्हणून झटकून टाकता येत नाही. पाऱ्याचे औषध द्यायचे तर ते नाव घेऊन, मुदत ठरवून, रक्त-लघवी तपासत द्यावे.

खैराचा उल्लेख केल्याशिवाय इथले कुठलेच लिखाण पुरे होत नाही. कुष्ठावरील औषधांत खदिर श्रेष्ठ, असे चरक सांगतो. खैर म्हणजे या डोंगरांचे झाड, आणि त्याचा कात पाडणारे ते कातकरी. रायगडातला कातकरी समाज पिढ्यान्पिढ्या हे झाड ओळखतो, कुठल्या वयाचे, कुठल्या गाभ्याचे. आज जंगलात चोरतोड होते ती पानाच्या कातासाठी. खदिरारिष्टाच्या बाटलीपर्यंत पोहोचलेल्या ज्ञानाचे मूळ मालक वाडीवर, ओल्या झोपडीत, खरजेने बेजार झालेल्या मुलांसह राहतात, हे मला स्वस्थ बसू देत नाही.

मग हे सारे पारखायचे कसे? उत्तर याच तालुक्यात आहे. डॉ. बावस्कर 1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा विंचू चावलेली माणसे त्यांच्यासमोर मरत होती. त्यांनी प्रत्येक रोग्याची नाडी, रक्तदाब, घाम, थंड हातपाय लिहून ठेवले. 1982 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आले. आणि 2011 मध्ये त्यांनी आपल्या त्याच औषधाची नव्या प्रतिविषाशी रीतसर तुलना केली, प्रतिविषाची जोड दिली तर रोगी अधिक लवकर सुधारतात असे निघाले, तेही छापले. आपल्या औषधाला आपणच कसोटी लावायची ही हिंमत आयुर्वेदाच्या लेपांना अजून फारशी लाभलेली नाही.

चिखल्यांवरच्या मेंदीला ती कसोटी लावणे हे एका पावसाळ्याचे काम आहे. खाडीपट्ट्यातल्या उपकेंद्रांत लावणीच्या दिवसांत चिखल्या घेऊन येणाऱ्यांचे दोन गट करायचे. दोघांनाही रात्री पाय धुऊन, पुसून, कोरड्या फडक्यावर ठेवायला सांगायचे. एका गटाला सोबत ताज्या मेंदीचा लेप द्यायचा. सातव्या आणि चौदाव्या दिवशी बेचक्या उघडून बघायच्या, ओल किती, फाटलेले किती, झोप लागली का, हे वहीत लिहायचे. गावातल्या आशाताईला ही वही भरता येईल. औषधाला खर्च जवळजवळ नाही, कुंपणाला मेंदी आहेच.